आरचा तुटका पाय

परवा चाकणच्या चौकात अडकलो. किती वेळ अडकलो ते विचारू नका. पुढच्या ट्रकच्या क्लीनरला मिसरूड फुटताना मी पाहिलं एवढंच सांगतो. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून समोरच्या होर्डिंगकडे बघत बसलो. कुठल्याशा फ्लॅटच्या स्कीमची जाहिरात. गोरी आई, गोरा बाप, हिरवळीवर लोळणारं गोरं पोरगं, आणि वर मोठ्या इंग्रजी अक्षरांत स्कीमचं नाव. अक्षरं देखणी होती. कुठे जाड, कुठे बारीक, प्रत्येकाच्या पायाशी ती नाजूक आडवी पट्टी, जिला शिकलेली माणसं सेरिफ म्हणतात. आणि त्या नावात एक आर होता. दोन्ही पाय धडधाकट रोवून, दात काढून उभा होता.

तो आर पाहिला आणि माझं टाळकं सटकलं. मी गाडीतून उतरलो आणि भर चौकात ओरडलो, "चोर आहेस लेका तू! पाय कुठून आणलास?"

मागचा रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, कोणाशी भांडताय?"

"आरशी."

"मग ठीक," तो म्हणाला आणि त्यानं काच नसलेल्या बाजूनं मान आत घेतली. चाकणच्या चौकात माणसाचं काय होतं हे त्याला ठाऊक असावं.

त्या आरचा खरा मालक म्हणजे येळवंडे तात्या. 'मालक' हा शब्द त्यांनी ऐकला असता तर माझ्याही अंगावर धावून आले असते, पण ते पुढे येईलच.

तात्यांचा गाळा भोसरी एमआयडीसीत, एका स्प्रिंगवाल्याच्या मागे. सगळ्या औद्योगिक पट्ट्याला नावाच्या पाट्या करून देणारा हा माणूस, पण त्याच्या स्वतःच्या गाळ्यावर पाटी नव्हती. का नाही म्हणून विचारलं तर म्हणायचे, "ज्याला मी सापडत न्हाई, त्याचं काम मला करायचं न्हाई." अंगानं काटकुळे, आवाजानं पहिलवान. खाकी अर्धी चड्डी, वर बनियन, आणि गळ्यात सुतळीला बांधलेलं भिंग, जसं एखाद्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते तसं. चाकणजवळच्या एका खेड्यातला जन्म. उभं आयुष्य कारखान्यांच्या दारात गेलं, पण जिभेवरचं गाव काही उतरलं नाही.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे मशीन आलं की त्याला पाटी लागते: मशीनचं नाव, नंबर, किती टनाचं, कुठल्या लाइनचं. ती करून घ्यायला मी तात्यांकडे जायचो. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. मला ते 'मेंटेनन्स' म्हणायचे. "ये रं मेंटेनन्स, च्या घे." माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर माझं खरं नाव वाचून त्यांनी विचारलं होतं, "ह्यो कोण?"

त्यांच्याकडे एक जुनं पेंटोग्राफ मशीन होतं. त्याच्या एका हाताला बोथट सुई. ती सुई मोठ्या पितळी अक्षराच्या खाचेतून फिरवायची, की दुसऱ्या हाताचा कटर तेच अक्षर लहान करून पाटीवर कोरतो. सगळी करामत त्या पितळी अक्षरांच्या संचात. तो संच तात्या लाकडी पेटीत, लाल मखमलीवर, एकेका अक्षराला घर करून ठेवत. पाटी कोरून झाली की भिंगातून पाहत आणि मग डोळे मिटून अक्षरावरून अंगठ्याचं नख फिरवत. म्हणायचे, "डोळा मिंधा असतो. नखाला कुणी पगार देत न्हाई."

अक्षराच्या पायाच्या त्या पट्टीला ते चप्पल म्हणत. चप्पल नसलेली साधी, सरळसोट इंग्रजी अक्षरं त्यांना खपत नसत. एकदा एका नव्या कंपनीचा खरेदी अधिकारी आला. कडक इस्त्री, गळ्यात ओळखपत्र. म्हणाला, "काका, प्लेन अक्षरं पाहिजेत. मॉडर्न."

"म्हंजी अनवाणी?"

"हो, तसंच."

"तुमी कंपनीत अनवाणी जाता का?"

"नाही. सेफ्टी शूज असतात."

"सायबाला बूट, आन् अक्षरानं त्येलात, कचऱ्यात, बिगरचपलीचं उभं ऱ्हायचं? चला, निघा!"

तो निघाला नाही, समजावत बसला. तेव्हा तात्या असे काही कडाडले की त्यांच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट मोशीच्या टोलनाक्यावर जाऊन बसली. मी एक शब्द वाढवून सांगत नाहीये. फार तर दोन.

ही अक्षरं आली कुठून, याची तात्यांकडे एक कथा होती आणि ती दर वेळी थोडी लांबत असे. सुरुवात रोममध्ये. तिथे म्हणे एक रंगारी होता. तो दगडावर ब्रशानं अक्षरं काढायचा आणि पाथरवट ती छिन्नीनं खोदायचा. रंगाऱ्याचा ब्रश रेघ संपताना जरा वळायचा, तिथे रंगाचं छोटं शेपूट राहायचं. पाथरवट बिचारा आज्ञाधारक, त्यानं शेपटासकट खोदलं. झाली चप्पल तयार. मग इटलीतल्या एका छापखानेवाल्यानं दगडावरचं शिशात आणलं. ते एका इंग्रजानं पाहिलं आणि आपल्या नावावर खपवलं. त्या इंग्रजाचं बघून मँचेस्टरच्या एका लेथ मशीनवाल्यानं आपल्या मशीनच्या पाटीवर ओतलं. ते मशीन बोटीत बसलं आणि पिंपरीला उतरलं.

"बोट पिंपरीला कशी येईल तात्या?"

"तवा पवना नदीला पानी व्हतं," ते गंभीरपणे म्हणायचे. मग डोळा बारीक करून, "समदे चोर रं मेंटेनन्स. रोमपास्नं हितवर समदे चोर. पर परत्येक चोरानं जाताना आपलं कायतरी टाकून ठिवलं."

पिंपरीच्या ज्या कारखान्यात ते मशीन आलं, तिथे तात्या तरुणपणी टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं-साचे घडवायच्या खात्यात, होते. तो कारखाना आता नाही. त्या जागेवर टॉवर उभे आहेत आणि जिथे भट्टी होती तिथे पोहण्याचा तलाव आहे. टूलरूमचे प्रमुख होते काणेकर मास्तर. तात्यांचे गुरू. बोलायला मोजके, पण पायातली कोल्हापुरी वाजवत आले की लेथवरची माणसं आपोआप ताठ व्हायची. एकदा वरचा कोणी साहेब मँचेस्टरच्या लेथपाशी थांबला, पाटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "असली अक्षरं तिकडेच होतात. आपल्या लोकांच्या हातचं काम नाही हे."

तात्या म्हणायचे, "मास्तर बोलले असते तर बरं झालं असतं. त्ये गप ऱ्हायले. आन् मला समजलं, आता कायतरी घडनार."

घडलं ते खंडेनवमीला. त्या दिवशी सगळी मशीनं बंद. धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा. एरवी त्या लेथला विनाकारण हात लावला तर मेमो मिळायचा, पण पूजेला कोण अडवणार? मास्तरांनी दिव्यांसाठी म्हणून घरून भली मोठी परात भरून कणीक आणली होती. मीठ घालून घट्ट मळलेली. साहेबाच्या हातात त्यांनी आरतीचं तबक दिलं आणि तोंड गणपतीच्या फोटोकडे करून उभं केलं. आरत्या सुरू झाल्या. मास्तरांनी त्या दिवशी एवढ्या आरत्या म्हणवून घेतल्या की तेहतीस कोटींपैकी कोणी राहिलं असेल तर ते सुट्टीवर असणार. आणि साहेबाच्या पाठीमागे तात्या मँचेस्टरच्या पाटीवर कणकेचा एकेक गोळा दाबून एकेक अक्षराचा ठसा उचलत होते.

ठसे डब्यात घालून गेटवर आले तर वॉचमननं डबा उघडला.

"काय हाय?"

"प्रसाद," मास्तर म्हणाले.

"मग द्या की," म्हणून त्यानं एक गोळा तोंडात टाकला. कच्ची, खारट कणीक. देवाचं म्हणून गिळली बिचाऱ्यानं.

"एच खाल्ला त्यानं," तात्या सांगायचे आणि अजूनही हळहळायचे. "म्हनून आमचा एच जरा अंगानं बारीक. आठवनीतनं केलेला हाय."

ठशात प्लास्टर ओतलं, प्लास्टरवरून पितळ घासलं. मास्तर मोठी कानस चालवायचे, तात्या बारीक. पाटीवर सगळी अक्षरं नव्हतीच, निम्मी असतील. उरलेली ह्या दोघांनी मनानं केली. जेची मूठ मास्तरांच्या छत्रीची. क्यूची शेपटी टूलरूमच्या मांजरीची. केनं पाय असा पुढे टाकलाय की तात्यांच्या मते तो त्यांच्या युनियनच्या पुढाऱ्याचा होता, गेट मीटिंगला उभा राहिलेला.

आणि आर. आरकडे नीट लक्ष द्यायला पाहिजे, कारण सगळं तिथेच आहे.

मँचेस्टर हे नाव पाटीच्या अगदी खाली, उजव्या कोपऱ्यात येत होतं, आणि त्याचं शेवटचं अक्षर आर. त्या कोपऱ्यालगत लेथची कड. दर खंडेनवमीला नारळ फोडायचा तो त्या कडेवर. वर्षानुवर्षं कोणाकोणाचा नेम चुकत आला होता, आणि चुकलेला नारळ बसायचा आरच्या उजव्या पायावर. होता होता त्या पायाची चप्पल उडाली. पाय टोकाला तुटून जरा वर उचलल्यासारखा झाला. तात्यांनी विचारलं होतं, "मास्तर, ह्यो पाय नीट करू का?" मास्तर म्हणाले, "नको. एवढंच तर आपलं आहे त्यात. रोमच्या आरवर नारळ फुटलाय कधी?"

पुढे कारखाना बंद पडला, मँचेस्टरचा लेथ भंगारात गेला. मास्तरही गेले. जाताना पितळी संच तात्यांना देऊन गेले. त्यावर तात्यांनी भोसरीत गाळा मांडला. भोसरी, चिंचवड, तळवडे, चाकण, जिथे जाल तिथे मशीनच्या अंगावर ती अक्षरं, आणि जिथे आर तिथे त्याचा एक पाय उचललेला. आमच्या शॉपमधल्या पोरांना वाटायचं इंग्रजी आर असाच असतो. एकानं बँकेत सही तशी केली आणि चेक परत आला. तो अजून तात्यांना शिव्या देतो.

असं सगळं बरं चाललं होतं. मग हिंजवडीची माणसं आली.

हिंजवडीच्या एका काचेच्या इमारतीत अक्षरांचे फॉन्ट बनवून विकणारी कंपनी होती. तिचा मालक ईशान, पायात हजारोंचे बूट आणि मोजे नाहीत. त्याच्याबरोबर दोन पोरी, एक कॅमेरा. "काका, लुप्त होत चाललेली कला आहे. आम्ही जतन करतोय." तात्यांनी त्यांना चहा पाजला. पेटी उघडली. प्रत्येक अक्षर बाहेर काढून उजेडात धरलं. मांजर सांगितलं, छत्री सांगितली, कणीक खाल्लेला वॉचमन सांगितला. पोरी हसून हसून लोळल्या. आरचा नारळही सांगितला. मी तिथेच होतो. ईशाननं "वॉव" म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं.

वर्ष सरायच्या आत आमच्या कंपनीनं आपलं रूपडं बदललं. नवा लोगो, नवे कागद, नवी अक्षरं. मला साहेबांनी बोलावून सांगितलं, आता मशीनच्या पाट्यासुद्धा याच अक्षरांत पाहिजेत. मी कागद पाहिला आणि गार पडलो. तात्यांची अक्षरं! मांजराची शेपटी, बारीक एच, तुटका आर, सगळं. मी धावत भोसरीला गेलो. म्हटलं तात्या, तुमची अक्षरं छापलीत बघा. त्यांना आधी आनंद झाला. नखानं कागद चाचपला. मग मी सोबतची पुस्तिका मराठी करून वाचून दाखवली: 'आरच्या उजव्या पायाची हळुवार उचललेली टाच ही प्राचीन रोमन लेखणीच्या मुक्त झटक्याची आठवण आहे. रचना: ईशान.'

तात्यांनी नख कागदावरच्या आरच्या पायाशी आणून थांबवलं. त्यांना मास्तर आठवले असावेत.

"लेखनी?" ते हळूच म्हणाले. आणि मग गाळ्याचा पत्रा थरथरला. "लेखनी? नारळ! नारळ व्हता त्यो, हरामखोरांनो! पान्यानं भरल्याला नारळ!"

त्याच आठवड्यात त्यांना ईशानच्या कंपनीची नोटीस आली. ही अक्षरं आमची आहेत, तुम्ही परवान्याशिवाय वापरता, ताबडतोब थांबवा, नाहीतर कोर्टात खेचू. तात्यांच्या हातची अक्षरं तात्यांनीच कोरायची नाहीत! अहो, शेजाऱ्यानं तुमच्या घरी जेवावं, बोटं चाटून झाल्यावर दाराला कुलूप लावावं आणि तुम्हालाच विचारावं, आपण कोण? हे वाचून ज्याला राग येत नाही त्याची नाडी वैद्यानं तपासावी, चालू आहे का म्हणून.

मी रजा टाकली आणि तात्यांना घेऊन हिंजवडीला गेलो. त्या दिवशी वाटेत ट्रॅफिक एवढं होतं की गाडीत बसून तात्यांचा राग शिळा व्हायला हवा होता. तो झाला नाही. आंबला, आणि जास्त चढला.

काचेच्या खोलीत ईशान समोर बसला. "काका, तुम्ही पर्सनली घेताय. ही परंपरा आहे. अक्षरं कुठे कोणाच्या मालकीची असतात? सगळ्यांचीच असतात."

"समद्यांची हायेत?"

"अर्थात."

"मग मला नोटीस कशापायी?"

तो पाणी प्यायला. मग म्हणाला, "लीगल टीमचा विषय आहे तो. पण काका, खरं सांगा, तुम्ही तरी कुठून घेतलीत? तुम्हीही कॉपीच केली ना?"

तात्या खुर्चीवरून उठले. "व्हय! चोरली! कनकेत दाबून चोरली! देवाच्या आरतीत चोरली! पर मी कवा मँचेस्टरला नोटीस धाडली का रं, तुमची पाटी उतरवा म्हनून?"

काचेपलीकडे बसलेली सगळी पोरं-पोरी कॉम्प्युटर सोडून बघायला लागली. तात्या त्यांच्याकडे वळले. "रोमच्या चोरानं शेपूट घातलं. इटलीवाल्यानं शिसं घातलं. आमी नारळ घातला, मांजर घातली. तुमी काय घातलं? पासवर्ड!"

ईशाननं विचारलं, "काका, तुम्हाला नेमकं काय हवंय? आपण बोलू. आकडा सांगा."

"पैका नगं. दोन गोष्टी. मला माजं काम करू द्या. आन् त्या पुस्तकात लिवा, आरचा पाय नारळानं तुटला. काणेकर मास्तरांच्या मशीनवर."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

ईशाननं तात्यांचा हात हातात घेतला. "नक्की बघतो."

बघितलं त्यानं. फार नीट बघितलं. नोटीस मागे घेतली, आणि थोड्या दिवसांनी फॉन्टची नवी आवृत्ती काढली. तिच्यात आरचा पाय दुरुस्त केलेला होता. दोन्ही पायांत चप्पल. पुस्तिकेतून लेखणी गेली, टाच गेली, नारळ आलाच नाही. चोरीची सगळ्यांत ठळक खूण त्यांनी घासून साफ केली. नुसता डल्ला मारला असता तर मी एक शिवी देऊन गप्प बसलो असतो. पण ह्या माणसानं डल्ला मारून वर जखम बुजवली. आता कोण म्हणणार ही अक्षरं भोसरीहून आली?

आणि पुढे जे झालं त्यानं तात्या खरे पेटले. जुनी गिऱ्हाइकं पाटी परत आणायला लागली. "तात्या, तुमचा आर खराब आलाय. ओरिजनल बघा, त्याचा पाय नीट आहे." ओरिजनल! मास्तरांच्या आणि तात्यांच्या अक्षराला लोक नक्कल म्हणायला लागले. तीही फसलेली. मी एकदा सुचवलं, "तात्या, आरचा पाय नीट करून टाका. काम तरी टिकेल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा अर्धा टाकून उठलो.

तेव्हाच आमच्या कंपनीत पत्र्याचे भाग दाबून काढणारी मोठी प्रेस येणार होती. उद्घाटनाला बाहेरची बडी मंडळी. तिला साधी पाटी नाही, उठावाच्या अक्षरांची ओतीव, जाड पितळी पाटी लावायचं ठरलं. असली पाटी करायची तात्यांची किती वर्षांची इच्छा. मँचेस्टरसारखी. मी साहेबांपुढे डोकं आपटलं. साहेब म्हणाले, "त्यांचा आर डिफेक्टिव्ह आहे रे." काम बाहेर गेलं. पाटी आली. झगझगीत. खालच्या उजव्या कोपऱ्यात, मँचेस्टरसारखं गावाचं नाही, तर आमच्या कंपनीचं नाव, आणि योगायोग असा की तेही आरनंच संपतं. आर दोन्ही पायांवर मस्त उभा.

नवरात्रात ईशानच्या कंपनीनं तात्यांचा सत्कार ठेवला. 'अक्षरांचे साधक' का असंच काहीतरी. मला वाटलं तात्या जाणार नाहीत. ते म्हणाले, "जायचं. कोन जाने, चारचौघांत बोलंल नारळाचं." धुतलेलं धोतर, काळी टोपी, गळ्यात भिंग. सभागृहात पडद्यावर तात्यांचा चेहरा हत्तीएवढा. त्यांच्या सुरकुत्यांमधून ती अक्षरं वर तरंगत होती. एम आला, ए आला, क्यू मांजरासारखा आला, टाळ्या पडल्या. आर आला, धडधाकट.

ईशाननं भाषण केलं. परंपरा म्हणाला, प्रेरणा म्हणाला, मातीशी नातं म्हणाला. नारळ म्हणाला नाही. मग शाल घातली आणि सोनेरी कागदात गुंडाळलेलं श्रीफळ हातात दिलं. माइक पुढे केला. "काका, दोन शब्द."

तात्या म्हणाले, "आरचा पाय कुठाय?"

सभागृहात कोणीतरी हसलं. ईशान हसत म्हणाला, "फिक्स केला काका. क्लायंटना तुटलेला वाटायचा."

"तुटल्यालाच व्हता."

तात्यांनी हातातलं श्रीफळ खाली-वर करून जोखलं. कानाशी नेऊन हलवलं. माइकमधून त्यातलं पाणी सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. पहिल्या रांगेतली माणसं जरा मागे सरली. मी डोळे मिटले.

"भरल्याला हाय," तात्या म्हणाले आणि नारळ पिशवीत ठेवला. जिन्यात मला म्हणाले, "हितं न्हाई फोडायचा. हितं समदं थर्माकोल हाय."

खंडेनवमी दोन दिवसांवर होती. आमच्याकडे पूजेला जुन्या पुरवठादारांना बोलवायची पद्धत आहे, त्यामुळे तात्यांचा पास मीच काढला. सकाळी शॉपमध्ये झेंडूचा नि मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा एकत्र वास. नव्या प्रेसला माळ घातलेली, पाटीवर हळदकुंकू. सेफ्टी ऑफिसर जाधव हातात यादी घेऊन फिरत होते. हल्ली आमच्याकडे दिवा बॅटरीचा असतो, उदबत्ती लावायची नाही कारण छताला धुराचा अलार्म आहे, आणि नारळ फक्त ठेवायचा, फोडायचा नाही.

तात्या प्रेससमोर येऊन उभे राहिले. भिंग लावून पाटी पाहिली. अंगठ्याचं नख प्रत्येक अक्षरावरून फिरवत आरपर्यंत आले. पिशवीतून नारळ काढला आणि त्यावरचा सोनेरी कागद फाडून जाधवांच्या हातात दिला.

"काका, ठेवायचा हं. फोडायचा नाही. खाली सेन्सर आहेत, पाणी गेलं तर लाइन बंद पडेल."

"देव बंद पडला तर चालतंय?"

"काका, रूल आहे."

"रूल मला सांगू नगं. माजं अक्षर नेलं तवा तुजा रूल कुठं गेल्ता? पाय लावला तवा कुठं गेल्ता?" आणि जाधवांना, मला, ऑपरेटर पोरांना काही कळायच्या आत त्यांनी दोन्ही हातांनी नारळ डोक्यावर उचलला आणि पाटीच्या उजव्या कोपऱ्यावर, आरच्या पायावर, उभ्या जन्माचा राग घालून हाणला.

आवाज असा झाला की शेजारच्या लाइनवरची माणसं धावत आली. नारळाची दोन शकलं. पाणी अक्षराअक्षरांतून, कुंकवाचा ओघळ घेऊन खाली उतरलं. प्रेसच्या पॅनेलवर लाल दिवा लागला आणि भोंगा सुरू झाला. जाधव डोक्याला हात लावून "कपडा आणा, कपडा आणा" म्हणत होते.

तात्या वाकले. भोंग्याच्या कल्लोळात त्यांनी डोळे मिटून आरच्या पायावरून नख फिरवलं. मग सावकाश सरळ झाले.

"न्हाई तुटला," ते म्हणाले. धाप लागली होती. पोरं खांद्याला खांदा लावून बघत होती. तात्यांनी खोबरं फोडून एकेकाच्या हातावर ठेवायला सुरुवात केली. पहिला तुकडा जाधवांच्या.

"लगीच कसा तुटंल," ते पोरांना म्हणाले. "मास्तरांच्या मशीनला लई वर्सं लागली. तुमी फकस्त जागा बदलू नगा. वर्साला एक. हितंच."

मग माझ्या हातावर तुकडा ठेवून, गळ्यातला व्हिजिटरचा पास काढून त्यांनी माझ्या खिशात कोंबला आणि ते गेटकडे निघाले. शॉपच्या दाराशी एकदा वळून त्यांनी भोंग्यावरून ओरडून सांगितलं, "तुटंल रं मेंटेनन्स! तुटंल!"